देव्हाऱ्यापुढची वीज

सुरुवात हुकांपासून झाली. सिडकोतल्या आमच्या घरी मी ब्लाउज शिवते, लग्न होऊन या शहरात आले तेव्हापासून. मशीनवरचं काम काय, कुणीही करील. हातशिलाई मात्र माझ्यासारखी आमच्या गल्लीत कुणाची नव्हती, हे मी माझ्याच तोंडानं सांगते, कारण आता ते सांगायला दुसरं कुणी शिल्लक नाही. ब्लाउज विरून जाईल पण माझा हूक निघणार नाही. तर तेच हूक माझ्या बोटांतून पडायला लागले. एक उचलायला जावं तर चार एकमेकांत अडकून यावेत, नाहीतर एकही हाती लागू नये. मी चष्म्याला दोष दिला आणि नंबर बदलून आणला. मग साखरेला दोष दिला, तर साखर नीट निघाली. शेवटी वयाला दोष दिला. वयावर ढकललं की पुढं काही तपासावं लागत नाही, एवढी त्यात सोय असते.

पायांचंही काही खरं नव्हतं. घरातली फरशी गादीसारखी लागायची. एकदा भाजी घेऊन घरी आले तर एका पायात चप्पलच नव्हती. ती वाटेत कुठं राहिली याचा पायाला पत्ता नव्हता. आमचे हे दारातच उभे होते. म्हणाले, "आज चप्पल इसरलीस, उद्या सोताला इसरून येशील." मी हसले, तेही हसले, आणि संध्याकाळी जाऊन ते चप्पल शोधून घेऊन आले. त्यांच्या बोलण्यात तेव्हा काळजी होती की नुसती थट्टा, ते मला आजही सांगता यायचं नाही. मला स्वतःला मात्र काळजी नव्हती. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी आतून इतकी सुखात होते, की बोटं आणि पाय यांच्याकडे बघायला मला सवडच नव्हती. त्या सुखाचं कारण मी कुणालाही सांगितलं नव्हतं. ते आता लिहिते.

आमचं मूळ गाव कन्नडच्या पुढं, घाटाच्या अंगाला. घर धनगराचं. मेंढरं सासऱ्यांनीच विकून टाकली, ह्यांनी चिकलठाण्याच्या कंपनीत नोकरी केली, पण देव्हाऱ्यातले चांदीचे टाक पिढ्यान्‌पिढ्यांचे आणि खंडोबाही तोच. माझ्या सासूबाईंच्या अंगात वारं यायचं. तळी उचलताना भंडारा उधळला की त्या थरथरायला लागत, आवाज बदले, आणि गावातली मोठमोठी माणसं त्यांच्या पायाशी बसून विचारायला लागत. मी सून म्हणून शेजारी पाण्याचा तांब्या घेऊन उभी. मला कधी काही आलं नाही. साधा काटासुद्धा अंगावर येत नसे. देव या घरात येतो, या बाईशी बोलतो, आणि माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही, हे मला फार लागायचं. सासूबाई गेल्यावर देव्हारा माझ्याकडे आला. मी दर रविवारी न चुकता भंडारा वाहिला, दिवा लावला, पण मनात ठसठस होतीच की मी नुसती पूजा करणारी, माझ्याकडे कुणी येत नाही.

आणि एका रविवारी ते आलं. भंडारा वाहिला, हात जोडले, मान खाली घातली, आणि मानेतून निघून पाठीच्या कण्यातून खाली थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत वीज गेली. एक क्षणभरच. मी तशीच थिजून बसले. मान वर केली तर सगळं शांत. पुन्हा वाकले, पुन्हा वीज. मला रडू आलं. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली तो आज माझ्या देव्हाऱ्यापुढं, माझ्या मानेवर हात ठेवून गेला, असंच मला वाटलं आणि दुसरं काही वाटायला जागाच नव्हती. अशा गोष्टी बोलून दाखवल्या की निघून जातात, असं सासूबाई म्हणायच्या. म्हणून मी ह्यांनाही सांगितलं नाही. पूजा मात्र लांबली. सकाळी वाकायचे, दुपारी मशीनवरून उठून जाऊन वाकायचे, संध्याकाळी दिवा लावून वाकायचे. जितकी मान खाली, तितकी वीज जोरात. बोटांतून हूक पडत होते आणि मी देवाला म्हणत होते, हूक पडू देत, तू येत जा.

दिवाळीला आमची लेक वर्षा नाशिकहून आली. मी फराळाचं ताट घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि ती माझ्या पायांकडे बघत राहिली. म्हणाली, "आई, तू अशी भिंतीला धरून का चालायलीस?" मी म्हटलं, कुठं धरलीय? तेव्हा माझ्या लक्षात आलं की ताट एका हातात आहे आणि दुसरा हात खरोखरच भिंतीवर आहे. वर्षा माझ्यावरच गेलेली आहे, एकदा धरलं की सोडत नाही. भाऊबीज झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं मला मणक्याच्या डॉक्टरांपुढं नेऊन बसवलं, हेही बरोबर आले. आधी त्या मोठ्या मशीनच्या भुयारात झोपवून मानेचे फोटो काढले होते, ते त्यांच्या टेबलावर होते.

डॉक्टर तरुण होते, बोलायला मऊ. म्हणाले, "मावशी, दोन्ही हात पुढं करा आणि बोटं जुळवून धरा." मी धरली. उजवा हात ठीक राहिला. डाव्या हाताची करंगळी मात्र हळूहळू बाजूला सरकायला लागली. मी तिला आत ओढलं, ती पुन्हा निघाली. मला राग आला तिचा. मग ते म्हणाले, "आता हनुवटी छातीला लावा बरं, सावकाश." मी मान खाली घातली. आणि तीच वीज, तशीच, मानेपासून अंगठ्यापर्यंत. माझे हात आपोआप जोडले गेले. त्या खोलीत, डॉक्टरांच्या खुर्चीपुढं, ट्यूबलाइटच्या उजेडात मी हात जोडून बसले होते. वर्षा म्हणाली, आई काय झालं? डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "हे असं कधीपासून होतंय?" मी म्हटलं, देवापुढं वाकलं की होतं. तेवढंच म्हटलं, पण ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की त्यांना सगळं कळलं असावं.

मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मणक्यांच्या मागच्या अंगाला, मज्जारज्जूच्या पुढून लागून, वरून खालपर्यंत एक पट्टा असतो, मणके एकमेकांना बांधून ठेवणारा. तो लवचिक असायला हवा. काही माणसांत तो हळूहळू जाड होतो आणि त्याचं हाड बनतं. माझा मानेतला पट्टा हाड होऊन मज्जारज्जूला पुढून दाबत होता. मान वाकवली की तो दाब वाढे, आणि मला जी वीज वाटायची ती त्या दाबाची होती. मी शिंपीणबाई. मला ते लगेच समजलं. परकराच्या नेफ्यात आतून कडक कॅनव्हास शिवला गेला तर नाडी जशी दबून राहील, ओढली तरी सरकायची नाही, तसं. इतकं स्वच्छ समजलं की वाईट वाटलं. थोडं कमी समजलं असतं तर बरं झालं असतं.

घरी येऊन मी देव्हाऱ्याकडे गेले नाही. दिवा ह्यांनी लावला. मी पलंगावर पडून छताकडे बघत होते आणि मनात एकच गोष्ट फिरत होती, की मग इतके दिवस मी कुणापुढं वाकत होते? आजार झाला याचं मला फार दुःख नव्हतं, आजार माणसालाच होतात. पण जे मी देवाचं येणं समजले ते हाडाचं दाबणं निघालं. माझ्या आयुष्यात देव एकदाच आला होता, आणि तोही आला नव्हता. हे कुणाला सांगायचं? सांगितलं तर लोक हसतील, आणि हसले तर त्यांची काय चूक? सासूबाईंचा फोटो समोर भिंतीवर होता. त्यांच्याकडेही मला बघवेना. त्या दिवशी मी खंडोबावर मनापासून रागावले, आणि तो नसेलच तर आपण कुणावर रागावतोय, असंही वाटलं.

ऑपरेशनला पर्याय नव्हता, पण ऑपरेशनमध्येच पर्याय होते. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी प्लॅस्टिकचे मणके हातात घेऊन सगळं दाखवलं. एक रस्ता पुढून, गळ्याच्या बाजूनं. तिथून जाऊन मणक्यांचा मधला भाग कोरून ते हाड झालेलं काढायचं आणि प्लेट बसवायची. दाबणारी गोष्टच निघून जाते, हा त्याचा फायदा. पण माझा पट्टा बऱ्याच मणक्यांवर पसरलेला आणि आतल्या आवरणाला चिकटलेला दिसत होता. तो सोडवताना आवरण फाटून पाणी झिरपू शकतं, आवाज बसू शकतो, गिळायला काही दिवस त्रास होतो. दुसरा रस्ता मागून. हाड तसंच राहू द्यायचं, पण मणक्यांच्या मागच्या कमानी एका बाजूनं दारासारख्या उघडून बारीक पट्ट्यांनी तशाच उघड्या ठेवायच्या, म्हणजे मज्जारज्जूला मागं सरकायला जागा होते. त्यात मान बऱ्यापैकी हलती राहते, पण मान दुखते, आणि एखाद्याचा खांदा काही महिने वर उचलत नाही. तिसरा रस्ताही मागूनच. त्यात कमानी काढूनच टाकायच्या आणि स्क्रू-सळ्यांनी मान पक्की करायची. पक्की म्हणजे मग ती फारशी वाकत नाही. ह्यांनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, पुढून केलं तर आवाज किती दिवस बसल म्हणता?" डॉक्टर गोंधळले. मी म्हटलं, त्यांना तेवढंच हवंय, तुम्ही लक्ष देऊ नका. कितीतरी दिवसांनी आम्ही सगळे हसलो.

डॉक्टरांचं मत दुसऱ्या रस्त्याला होतं. वर्षानं नाशिकच्या एका डॉक्टरांना फोटो दाखवले, तर त्यांनी पुढचा रस्ता सांगितला. दोघंही शिकलेले, दोघंही जाणते. आमच्या डॉक्टरांनी त्याचा राग मानला नाही. म्हणाले, "यात दोन मतं असू शकतात. पण एक लक्षात ठेवा. गेलेलं किती परत येईल ते मी सांगू शकत नाही. जे आहे ते राखायला हे ऑपरेशन आहे. म्हणून फार थांबू नका, आणि काहीही करा पण पडू नका. या मानेला हिसका बसला तर हातपाय एका क्षणात जाऊ शकतात." मी म्हटलं, खंडोबाला विचारून सांगते. हे माझ्या तोंडून कसं निघालं ते मला कळलं नाही, कारण मी त्याच्याशी बोलत नव्हते. डॉक्टर म्हणाले, "विचारा मावशी. पण जपून जा."

खरं कारण वेगळं होतं. मला ऑपरेशन नको होतं. पालथं झोपून मान कापून घ्यायची, ही कल्पना मनात आली की मी उठून मशीनवर जाऊन बसायचे. आणि दुसरी एक गोष्ट, जी मी मनातल्या मनातही नीट बोलत नव्हते. दाब गेला की वीज जाणार. खोटी तर खोटी, पण ती माझी होती. ती गेली की मी पुन्हा सासूबाईंच्या शेजारी तांब्या घेऊन उभी राहिलेली कोरडी सून. माणूस इतकं वेडं असतं हे सांगायला लाज वाटते, पण हातपाय जायची भीती एका बाजूला आणि ही एका बाजूला, असं माझं बरेच दिवस चाललं होतं.

चंपाषष्ठी होऊन गेली होती. आम्ही कन्नडपर्यंत एसटीनं गेलो आणि तिथून जीपनं गावाकडे. पुढच्या सीटवर बसवलं मला, हे मागं माणसांत दाटून बसले. आमच्या खंडोबाचं देऊळ गावाबाहेर उंचवट्यावर आहे, आणि आमच्या गावाची एक रीत आहे. काही मागणं असलं की बाया ओल्या हळदीत दोन्ही हात बुडवून देवळाच्या मागच्या भिंतीवर पंजे उमटवतात. त्याला पंजा देणं म्हणतात. मागणं पुरं झालं की पुन्हा येऊन जवळच दुसरा पंजा द्यायचा. पुढून देवळाला रंग देतात, मागच्या भिंतीला कुणी हात लावत नाही. वर्षाचं बाळंतपण अडलं होतं तेव्हा मी दिलेले पंजे दिव्याच्या कोनाड्याशेजारी अजून आहेत, फिकट झालेले, पण मला ओळखू येणारे.

ह्यांना मी पुढं ओट्यावर बसवलं. म्हटलं, हे बायकांचं असतं, तुम्ही थांबा. वाटीत हळद कालवली, हात बुडवले, आणि भिंतीला लावले. काय मागितलं? मागितलं असं की पुढून की मागून ते तू सांग, आणि त्याच्या आड असं की दोन्ही नको म्हण. हात काढले. उजवा पंजा चांगला उमटला होता, पाचही बोटं. डावा बघितला आणि मला आपला वाटेचना. तळव्याची टाच आणि आतली बोटं उमटली होती. अनामिका फरफटलेली, आणि करंगळी पार लांब, दुसऱ्याच कुणाच्या हाताची असावी तशी एकटी. शेजारी माझाच जुना पंजा होता, सगळी बोटं जवळजवळ घेतलेला. मी त्या दोन पंजांकडे कितीतरी वेळ बघत होते. डॉक्टरांच्या खोलीत हेच बोट सरकताना बघितलं होतं, पण तिथं ते हवेत होतं, खाली घेतलं की संपलं. इथं ते भिंतीवर होतं आणि जात नव्हतं.

मागून आवाज आला, "तुजाच हाय का गं माय ह्यो हात?" बघितलं तर एक मेंढरंवाली बाई. वयानं माझ्याएवढी, पदर कमरेला खोचलेला, हातात काठी. तिचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, जवळच्या रानात उतरला होता आणि ती देवळाच्या हापशावर पाण्याला आली होती. ती भिंतीजवळ आली, पंजा बघितला, आणि म्हणाली, "ह्ये बोट तर पळून चाललंय की." मी फिरले, आणि मागच्या पायरीवर पाय ठेवला. चप्पल निसटली होती, ते पायाला कळलंच नाही. पायरी जिथं आहे असं वाटलं तिथं ती नव्हती. मी मागं गेले. आकाश दिसलं, आणि मनात एकच आलं, मान.

मी पडले नाही. तिनं काठी टाकून मला दंडाला आणि पाठीला असं घट्ट धरलं होतं की ब्लाउजची बाही खांद्यापासून उसवली. माझ्याच हातची शिलाई, उसवली. तिनं मला हळूच पायरीवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. माझा डावा हात तिनं हातात घेतला, हळदीनं माखलेला, आणि ती करंगळी बाकीच्या बोटांना लावून मुठीत धरून ठेवली. मला रडू फुटलं. मी तिला सगळं सांगितलं, का कुणास ठाऊक. पट्टा, हाड, ऑपरेशन, पुढून, मागून, आणि ती वीजसुद्धा. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आन् मंग हितं काय करायलीस?" मी म्हटलं, देवाला विचारायला आले. ती म्हणाली, "द्येव कुटं चाललाय? त्यो हितंच हाय. दवाखाना बंद व्हतो, द्येऊळ नाय व्हत." 

एवढ्यात खालून कुणीतरी ओरडलं. तिची मेंढरं कुणाच्या तरी हरभऱ्यात शिरली होती. ती उठली, काठी उचलली, आणि मेंढरांना अशा काही शिव्या देत धावली की त्या मी इथं लिहू शकत नाही. तिचं नाव विचारायचं राहून गेलं. ती देव होती असं मी म्हणत नाही. हरभरेवाल्याशी तिचं जे भांडण जुंपलं ते देवाला शोभणारं नव्हतं. पण त्या पायरीवर, त्या क्षणाला, हात धरायला दुसरं कुणी नव्हतं, आणि ती होती. यावर मी फार विचार करत नाही. केला तर पुन्हा मी त्याच्यावर हक्क सांगायला लागेन.

हे पुढून आले तेव्हा मी तशीच बसले होते, बाही उसवलेली, हळद सगळ्या अंगाला. ते घाबरले. मी म्हटलं, "दवाखान्यात फोन लावा. जी तारीख देतील ती घ्या." ते म्हणाले, "काय म्हणला देव? पुढून का मागून?" मी म्हटलं, त्यानं ते नाही सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, आणि खिशातून फोन काढला. परत येताना जीपमध्ये ते माझ्याजवळ पुढंच बसले, आणि प्रत्येक खड्ड्याला माझ्या मानेमागं हात धरत होते.

रस्ता मागचाच ठरला. डॉक्टरांनी पुन्हा एकदा कारण सांगितलं. माझ्या मानेचा नैसर्गिक बाक अजून शाबूत होता, त्यामुळं मागून जागा केली की मज्जारज्जू आपोआप मागं सरकेल, आणि एवढा लांबलचक पट्टा पुढून सोडवण्यातला धोका घ्यावा लागणार नाही. मी म्हटलं, म्हणजे मागची शिवण उसवून, पट्टी घालून, नेफा मोठा करणार. ते म्हणाले, अगदी तसंच. मग मी आणखी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं खूप होतं, आणि आधीची मी असते तर विचारलंही असतं. पण मला कळलं होतं की मी प्रश्न विचारत होते ते उत्तर हवं म्हणून नव्हे, वेळ जावा म्हणून.

ऑपरेशनच्या सकाळी नर्सनं मंगळसूत्र, बांगड्या उतरवल्या आणि कपाळावरचा भंडारा ओल्या कापसानं पुसला. मला वाटलं होतं त्यावरून मी भांडेन. भांडले नाही. ढकलगाडीवरून नेताना वरचे दिवे एकामागून एक जात होते. मनात आलं, आता हे लोक मला पालथी घालतील, आणि मी ज्यांची नावंही जाणत नाही अशा माणसांच्या हातात माझी मान असेल. आयुष्यभर देवापुढं वाकले ते काहीतरी मागत. वारं दे, वीज दे, ये, दिस, माझ्याकडे बघ. आज पहिल्यांदा मी पुरती पालथी पडणार होते आणि मला काहीही मागायचं सुचत नव्हतं. नाव घेतलं एवढंच. मग तोंडावर मास्क आला.

नंतरचे महिने सोपे गेले नाहीत. ते गोड करून सांगितलं तर खोटं होईल. मान दुखायची, गळ्याभोवती दवाखान्याचा पट्टा लावून बसल्याजागी झोपायची वेळ आली. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं तसा डावा खांदा रुसला. हात वर जाईना, स्वतःचा पदर स्वतःला घेता येईना. वेणी हे घालून द्यायचे, आणि ती इतकी वाईट घालायचे की वर्षा व्हिडिओवर बघून हसायची. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी रोज भिंतीवर बोटांनी चढायला लावायची. तो खांदा सावकाश परत आला. चाल सुधारली, फरशी फरशीसारखी लागायला लागली. बोटांचं अर्ध्यावर थांबलं. हूक आता उचलता येतात, पण मोजके, आणि करंगळीला सुई टोचली तरी नीट कळत नाही. हातशिलाईचं काम मी शेजारच्या एका सुनेला शिकवते आहे. ती बरी करते. माझ्यासारखी नाही.

या सगळ्या काळात मान खाली घालायची नाही, असं सांगितलं होतं. देव्हाऱ्यापुढं मी ताठ बसायचे, नुसती बघत. टाक माझ्याकडे बघायचे, मी त्यांच्याकडे. मनात धास्ती होती. आता वाकल्यावर काही येणार नाही, आणि येणार नाही तेव्हा मला काय वाटेल, याची. डॉक्टरांनी एक दिवस तपासून सांगितलं, "मावशी, आता बेताबेतानं वाकायला हरकत नाही." मी घरी नाही वाकले. ह्यांना म्हटलं, गावाला चला.

चैत्राचं ऊन होतं. देवळामागं आता मेंढरं नव्हती, रान मोकळं पडलं होतं. हळद कालवली, हात बुडवले, आणि दुसरे पंजे दिले, रीतीप्रमाणं, आधीच्यांच्या जवळ. हे या वेळी पाठीमागंच उभे होते, माझ्या दंडाला धरून, बायकांचं असो की पुरुषांचं. करंगळी अजून जराशी लांबच होती, पण बाकीच्यांबरोबरची होती. त्या बाईला दाखवावंसं वाटलं. मग पुढं येऊन मी उंबऱ्याशी बसले, हात टेकले, आणि सावकाश मान खाली घातली. हनुवटी छातीला लागली. कपाळ उंबऱ्यापर्यंत गेलं नाही, थोडं अंतर राहिलं, तेवढं आता कायमचंच राहणार आहे.

मी वाट बघितली. मानेत नाही, पाठीत नाही, पायांत नाही. दगडाचा गारवा हाताला लागत होता आणि तो डाव्या हातालाही लागत होता. भंडाऱ्याचा वास येत होता. बाहेर हापशावर कुणीतरी पाणी भरत होतं. बाकी काही नाही. मला वाटलं होतं मी एकटी पडेन. पण मी वाकलेली होते, माझ्या स्वतःच्या पायांवर चालत आलेली, जोडता येतील अशा हातांची, आणि ही सगळी शांतता कुणीतरी दिलेली होती. जो वीज होऊन आला नव्हता त्यानं मला तिच्यातून सोडवलं होतं. मी बराच वेळ मान वर केली नाही.

ह्यांना काळजी वाटली असावी. मागून हळूच म्हणाले, "काय गं? आलं का काही?"

"नाय," मी म्हटलं. "काहीच नाय आलं." आणि मला इतकं रडू आलं की त्यांनी खाली बसून माझ्या मानेमागं हात धरला, जीपमध्ये धरायचे तसा.